कोण रुसेल या क्रमाने लावलेली यादी

पत्र

ताई,

मी ३८ वर्षांची. नागपुरात सुभाषनगरला राहते, एका बँकेत नोकरी करते. नवरा औषध कंपनीत सेल्सला, मुलगा सातवीत, सासूबाई ७१ वर्षांच्या. प्रश्न हसण्यासारखा आहे, पण माझी झोप उडाली आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सात दिवसांत सात जेवणं आहेत, सगळी बाहेर. सोमवारी नवऱ्याचे मुंबईचे साहेब येताहेत, वर्धा रोडवरच्या मोठ्या हॉटेलात, ‘मिसेसना घेऊन या’ असं सांगून. मंगळवारी माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी, धरमपेठेत. बुधवारी अमेरिकेहून आलेली मामेबहीण आणि तिचा नवरा. त्यांना रात्री सावजीच खायचं आहे. गुरुवारी चुलत सासरे-सासूबाईंच्या लग्नाला ५० वर्षं झाल्याचा कार्यक्रम, सदरच्या हॉटेलात. तो नेमका मार्गशीर्षातला गुरुवार, घरी घट मांडलेला असतो. शुक्रवारी बँकेतल्या सहकाऱ्याच्या मुलीचं रिसेप्शन, कोराडी रोडच्या लॉनवर. शनिवारी नवऱ्याच्या मित्राच्या शेतावर हुरडा, काटोलकडे. रविवारी सोसायटीचं स्नेहभोजन.

नवरा म्हणतो, सगळीकडे जावंच लागते. मागच्या डिसेंबरचं कार्डाचं बिल ४२,००० आलं, ते मार्चपर्यंत थोडं थोडं भरत होतो. ऑक्टोबरात माझी तीन महिन्यांच्या सरासरीची साखर ६.१ आली. सासूबाई काही म्हणत नाहीत. आम्ही येईपर्यंत टीव्ही लावून जाग्या असतात आणि ‘आम्ही दोघांनी खिचडी खाल्ली’ एवढंच सांगतात.

मला वाटतं शनिवारचा हुरडा सोडून द्यावा. मित्रच आहे, त्याला काही वाटणार नाही. बाकी सहा कशी निभवायची ते सांगा. आणि नाही म्हणायचं तर कसं? आपल्याकडे ‘नाही’ म्हटलं की लोकांना अजूनच जोर चढतो.

– दमलेली, सुभाषनगर

उत्तर

शनिवारचा हुरडा सोडू नका. बाकी काय सोडायचं ते सांगते, पण हे आधी पक्कं करा, कारण तुम्ही नेमकं उलट करायला निघाला आहात.

तुमच्या यादीत वार ओळीने आहेत, पण तिच्यामागचा हिशेब रुसव्याचा आहे. साहेब रुसले तर नवऱ्याच्या बढतीचं काय, म्हणून सोमवार पक्का. मैत्रिणी ग्रुपवर टोमणे मारतील, म्हणून मंगळवार. मामेबहीण दोन-तीन वर्षांतून एकदा येते, ती परत जाऊन मामींना सांगेल, म्हणून बुधवार. सासरचे, बँकेतले, सोसायटीतले, सगळे आपापल्या रुसण्याच्या ताकदीप्रमाणे जागा पटकावून बसले. आणि शनिवारचा मित्र? ‘त्याला काही वाटणार नाही.’ म्हणून तो कटला. जो रुसत नाही त्यालाच दरवेळी कापत गेलं तर पन्नाशीला आपल्या भोवती नुसते रुसणारे उरतात. तसे लोक मी नागपुरात पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्याकडे पंगती मोठ्या असतात आणि फोन करावा असं माणूस सापडत नाही.

आता त्या हुरड्याकडे नीट पाहा. सात आमंत्रणांत हे एकच असं आहे जिथे सातवीतला मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई दोघंही खुशाल येऊ शकतात. भरदिवसाचं आहे. काटोलचा रस्ता तास-सव्वा तासाचा. दुसऱ्या शनिवारी बँका बंद असतात, तेव्हा तुमची रजाही जात नाही. बिल नाही, वेटर नाही, ‘टेबल लवकर मोकळं करा’ असं बघणारं कोणी नाही. आगटीत कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि गरम आहेत तोवर तोंडात टाकायची. हे काम घाईनं होत नाही, त्यामुळे बोलणं आपोआप होतं. आणि गरम कणसं चोळायला जे हात लागतात ते आपल्या पिढीत कमी झाले. सासूबाईंना तिथे कोणी खुर्ची देऊन बाजूला बसवणार नाही, उलट ‘काकू, या इकडे’ म्हणून आगटीपाशी नेतील. काटोल म्हणजे संत्र्याचा पट्टा. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री झाडावर असतात. मित्राची बाग नसली तरी शेजाऱ्याची असेलच. पोराला घेऊन बांधाबांधानं फिरून या.

साखरेच्या दृष्टीनं हुरडा अगदी साळसूद नाही, हेही सांगून ठेवते. कोवळी ज्वारी म्हणजे शेवटी पीठच, त्यात वर गूळ, रेवड्या आणि ऊस. गूळ-रेवड्या दुसऱ्यांना खाऊ द्या. जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी, दही, वांग्याचं भरीत तुमच्याकडे ओढा आणि नंतर शेतात चाला. हॉटेलात जेवल्यावर वर्धा रोडला चालणार कुठे?

आणि मामेबहिणीलाही शनिवारीच घेऊन जा. मित्राला फोन करून विचारा: ‘अमेरिकेचे दोन पाहुणे आणू का?’ ज्याला काही वाटत नाही तो असल्याच वेळी कामी येतो. यामुळे बुधवार मोकळा होतो. बुधवारबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण तिथे सावजीचा प्रश्न आहे आणि सावजीच्या बाबतीत मी गप्प बसू शकत नाही.

बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं सावजी म्हणजे तिखट मटण, खाऊन फोटो टाकायचा. हे हलबा कोष्टी घरांतलं जेवण. हा विणकरांचा समाज. दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसांचं भाकरीबरोबरचं जेवण होतं ते. हातमागाचं काम आटत गेलं तशी महाल, इतवारी, गोळीबार चौकाच्या अंगानं घराघरांतून भोजनालयं निघाली आणि बायकांच्या हातचा मसाला रस्त्यावर आला. त्या मसाल्यात नुसती मिरची नसते. धणे, खसखस, दगडफूल, काळी मिरी, भाजून वाटलेला जवस, असं बरंच काही असतं आणि प्रत्येक घर आपलं प्रमाण सांगत नाही. वर तेलाचा जो तवंग येतो ती तर्री. हे जेवण दुपारचं. रात्री साडेनऊला सावजी मटण, त्यावर दोन भाकरी आणि घरी येऊन अंथरुणावर आडवं. मग पहाटे तीनला छातीत जळजळलं की माणूस सावजीला शिव्या देतो. चूक घड्याळाची, नाव मसाल्याचं.

शिवाय सावजीत गप्पा होत नाहीत. खऱ्या भोजनालयात बाकावर बसायचं, नाक पुसत जेवायचं आणि उठायचं, कारण मागे लोक उभे असतात. बहिणीशी तुम्हाला मनातलं बोलायचं असेल, मामींच्या गुडघ्यांचं, तिच्या मुलांचं, त्या घराच्या वाटणीचं, तर ते तिथे शक्य नाही. म्हणून असं करा. बुधवारी दुपारी तुमच्या यजमानांनी त्यांना सावजीला न्यावं. सेल्सचा माणूस आहे, दुपारी गावातच फिरत असतो. जाताना एवढं सांगावं की तर्री कमी, रस्सा जास्त, आणि ज्याला मटण चालत नाही त्याच्यासाठी पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा. अमेरिकेहून आलेली माणसं पहिले चार-सहा दिवस तशीही रात्री आठलाच पेंगायला लागतात. रात्रीचं जेवण रद्द झालं तर तीच सुटकेचा श्वास सोडतील. तुम्ही मार्गशीर्षात मांसाहार करत असाल-नसाल, ते तुमचं. पण घरात पाळत असतील तर डबा भरून घरी आणण्याची हौस या महिन्यात नको.

गुरुवारी मात्र माझं लक्ष तुमच्या पत्रातल्या एका गाळलेल्या गोष्टीकडे गेलं. चुलत सासरे म्हणजे तुमच्या सासूबाईंचे दीर. समारंभ त्यांच्या जावेचा. आणि पत्रात त्या जाणार की नाही याचा उल्लेखच नाही! तुम्ही दोघं जाणार, घट मांडलेला आहे, हॉटेल सदरला आहे, एवढंच. त्या घरी बसून पुन्हा नातवाबरोबर खिचडी खाणार असं तुम्ही न विचारता धरून चाललात का? मुद्दाम केलं नसणार, हे मला कळतं. धावपळीत घरातलं सगळ्यात शांत माणूस असंच यादीतून गळतं.

तेव्हा गुरुवारचा निर्णय त्यांच्याकडे द्या. अगदी साधं विचारा: ‘आई, गुरुवारी कसं करायचं?’ दोन उत्तरं येऊ शकतात. एक, ‘मी येते, पण पूजा-कहाणी-नैवेद्य झाल्यावर.’ मग संध्याकाळी पाचला पूजा आटपा, नैवेद्याचं घरीच जेवा, आणि साडेसातला चौघं मिळून सदरला जा. तिथे नमस्कार, फोटो, आहेर, थोडं ताक किंवा सूप. उपास घरी सोडून आलेल्या बाईला त्या दिवशी कोणी आग्रह करत नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारचा हा फायदा लक्ष्मीनं खास आपल्यासाठी ठेवला आहे. दुसरं उत्तर, ‘मला हॉटेलात नको, कांदा-लसणाचं असते.’ तर मग बुधवारी संध्याकाळी त्यांना घेऊन दिराकडे घरी जाऊन या. पन्नास वर्षांचं लग्न आहे, आदल्या दिवशी घरी आलेली वहिनी त्या दोघांना हॉटेलातल्या दीडशे माणसांपेक्षा जास्त लक्षात राहील. बुधवार आपण मोकळा केलेलाच आहे.

जायचं ठरलं तर निघताना एक व्यवहार पाहा. डिसेंबर म्हणजे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. १९५३ च्या नागपूर करारानं आपल्याला हा मान दिला आणि त्याबरोबर अधिवेशन संपेपर्यंत वाहतुकीचा वनवासही दिला. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात, सिव्हिल लाईन्सभोवती कठडे लागतात. संध्याकाळी सुभाषनगरहून सदरला सीताबर्डीतून गाडी घालणं म्हणजे समारंभ सिग्नलवर साजरा करणं. वर्धा रोडकडून फिरून जाण्याचा विचारही सोडा. सासूबाईंना जिना-लिफ्ट जमत असेल तर सुभाषनगरला मेट्रोत बसा, सीताबर्डीला गाडी बदला, कस्तुरचंद पार्कला उतरून रिक्षा करा.

मंगळवारचं तुमचं तुम्ही करा. नवऱ्यानं येऊ नये, त्यानं घरी आईबरोबर जेवावं. धरमपेठ तुमच्याच मेट्रोच्या मार्गावर आहे, शंकरनगर चौक किंवा एलएडी चौक. गाडी नेऊ नका. एक तर गोकुळपेठ-धरमपेठेत ती लावायला जागा मिळत नाही, आणि दुसरं म्हणजे ‘शेवटची मेट्रो निघून जाईल’ हे वाक्य. टेबलावरून उठायला याहून चांगलं कारण आजवर कोणी शोधलेलं नाही. त्यावर कोणी वाद घालत नाही, ‘मी सोडते ना तुला’ म्हणणारी एखादी निघाली तर ती पक्की मैत्रीण समजा. शेवटची गाडी कितीची ते मात्र निघण्याआधी पाहून ठेवा.

मैत्रिणींच्या जेवणात तुमचे पैसे कुठे जातात हेही पाहा. सहा जणी, त्यातल्या तिघी कॉकटेल घेतात, तुम्ही लिंबूसोडा, आणि शेवटी बिलाचे सहा समान भाग. हे सांगायला लाज वाटते म्हणून कोणी सांगत नाही. ऑर्डर देतानाच वेटरला म्हणा: ‘ड्रिंक्सचं बिल वेगळं करा.’ त्याला यात नवल वाटणार नाही, कारण दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, त्यामुळे तो हिशेब तसाही वेगळाच मांडावा लागतो. बिल आलं की खालच्या ओळी वाचा. साध्या रेस्टॉरंटात जेवणावर जीएसटी ५ टक्के. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर जातं तिथे १८. आणि ‘सर्व्हिस चार्ज’ नावाची ओळ आपोआप लावलेली असेल तर ती काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच ते आपोआप लावायला मनाई केली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. काढत नसतील तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर. मॅनेजरसमोर फोन हातात घेतला की बहुतेक वेळा पुढचं काम होतं. टीप द्यायची ती तुमच्या मर्जीनं, वेटरच्या हातात.

त्या ४२,००० बद्दल. मार्चपर्यंत ‘थोडं थोडं’ भरलं म्हणजे बँकेतली बाई बँकेच्याच सापळ्यात अडकली, एवढं बोलू द्या मला. तुम्हाला माहीत आहे की कार्डावर बाकी ठेवली की बहुतेक ठिकाणी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे जानेवारीतला किराणासुद्धा व्याजानं घेतलात. या वेळी या आठवड्यासाठी एक रक्कम आधी ठरवा, ती यूपीआयच्या वेगळ्या खात्यात टाका, संपली की संपली. मंगळवार, आहेर आणि पाकीट एवढंच तुमच्याकडून जायला हवं. सोमवारचं कंपनीचं, शनिवारचं मित्राचं. काटोलहून येताना संत्र्यांची पेटी घ्या आणि पाहुण्यांना मिठाईऐवजी तीच द्या. नागपुरी संत्र्याला २०१४ साली जीआय मानांकन मिळालं, आणि आपणच एकमेकांकडे काजूकतली घेऊन जातो! मामेबहिणीला मात्र विमानात न्यायला संत्रा बर्फी द्या, ताजी फळं तिला तिकडच्या विमानतळावर सोडून द्यावी लागतील.

सोमवार. ‘मिसेसना घेऊन या’ हे सौजन्य आहे, हजेरी नाही. नवऱ्यानं एकट्यानं जावं आणि साहेबांना सांगावं की मुलाच्या परीक्षा जवळ आहेत, तिनं नमस्कार सांगितला आहे. साहेबांना खरं तर हिशेबाचं बोलायचं असतं, बायका आल्या की त्यांनाही गोड बोलत बसावं लागतं. एकच अट. तिथे ग्लास हातात घेतला तर येताना टॅक्सी. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि अधिवेशनाच्या दिवसांत गावात पोलीस नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त असतात.

शुक्रवारी उलट, तुम्ही एकट्या. रिसेप्शन तुमच्या सहकाऱ्याकडचं आहे, बँकेतून चार-पाच जण एका गाडीत मिळून परस्पर जा. पत्रिकेवर ‘स्वरुची भोज सायंकाळी ७ पासून’ लिहिलेलं असतं, सातलाच पोहोचा. स्टेजवर रांग नसते, नवरा-नवरी अजून हसत असतात, गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यापुढे गर्दी नसते. साडेआठला बाहेर. नवऱ्याला नेलं तर तो तिथे कोणाला ओळखत नाही आणि दहा वाजेपर्यंत जिलेबी-रबडीच्या आसपास उभा राहतो.

या साऱ्या वाटणीत एक गोष्ट आपोआप झाली. सोमवारी रात्री तुम्ही घरी, मंगळवारी आणि शुक्रवारी नवरा घरी, बुधवारी दोघं. म्हणजे टीव्ही लावून जागण्याची पाळी सासूबाईंवर कोणत्याच रात्री येत नाही. ‘सगळीकडे जावंच लागते’ म्हणणाऱ्या यजमानांना हे पटवायचं असेल तर भांडू नका, फक्त नियम बदला: ज्यानं आमंत्रणाला ‘हो’ म्हटलं त्यानं त्या दिवशीचा आहेर आणायचा, मुलाचं-आईचं जेवण बघायचं, गाडीत पेट्रोल भरायचं. आतापर्यंत ‘हो’ त्यांचं आणि पुढचं सगळं तुमचं, असं चाललं असणार. पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण दमलेली कोण आहे ते सहीत दिसतं.

आता नाही कसं म्हणायचं. तब्येतीचं कारण चुकूनही देऊ नका. ‘शुगर आहे’ म्हटलं की आपल्याकडचं उत्तर ठरलेलं: ‘एवढ्यानं काय होते बाप्पा, एक दिवस तं चालते!’ मग तुम्ही रिपोर्टचा आकडा सांगता, समोरची तिच्या नणंदेचा आकडा सांगते, आणि त्या गोंधळात ताटात गुलाबजाम पडलेला असतो. ‘बघू’ सुद्धा म्हणू नका. ‘बघू’ म्हणजे बोलावणाऱ्याच्या लेखी होकार. तो केटररला ताट सांगून मोकळा होतो. नाही म्हणताना त्याच वाक्यात दुसरी वेळ द्या: ‘रात्री नाही जमत, पण रविवारी सकाळी आठला पोहे खायला भेटू.’ नागपुरात हे कमीपणाचं आमंत्रण नाही. कस्तुरचंद पार्काजवळ तर्री-पोह्याच्या गाडीपाशी उभं राहून अर्ध्या तासात जेवढं बोलणं होतं तेवढं तीन तासांच्या डिनरला होत नाही, खर्च शंभराच्या आत, आणि नंतर अंबाझरीला चक्कर मारली की चण्याची तर्रीही जिरते. ज्याला खरंच भेटायचं असतं तो सकाळी आठला येतो. जो येत नाही त्याला तुम्ही नको होतात, गर्दी हवी होती.

जिथे जाल तिथल्या आग्रहावर जुनाच उपाय: ताट रिकामं होऊ देऊ नका. रिकामं ताट हे वाढणाऱ्याला बोलावणं. शेवटपर्यंत पोळीचा एक तुकडा आणि थोडी भाजी राहू द्या, ‘माझं चालू आहे’ म्हणत राहा.

६.१ ला घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या आधीचा टप्पा, ६.५ पासून मधुमेह. तुम्ही मधोमध आहात आणि इथून मागे फिरता येतं. बाहेर जेवायच्या दिवशी दुपारी उपाशी राहून ‘जागा करणं’ बंद करा, तेच सगळ्यात जास्त महागात पडतं. पाचला मूठभर फुटाणे किंवा वाटीभर दही खा. हॉटेलात सुरुवात काकडी-टोमॅटो, डाळ, पनीर किंवा चिकनपासून करा. रोटी-भात शेवटी आणि कमी, म्हणजे साखर एकदम उसळत नाही. मॉकटेल म्हणजे रंगीत साखरपाणी. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, लॉनवर चाला, पार्किंगमध्ये चाला. गोळी सुरू असेल तर हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला.

राहिला रविवार. सोसायटीच्या स्नेहभोजनाची वर्गणी तुम्ही बहुधा भरली असणार, तेव्हा ती वाया घालवू नका. पण शनिवारी शेतावर दिवस घालवल्यावर रविवारी पुन्हा खुर्च्यांच्या खेळात बसायची गरज नाही. खाली जा, पंधरा मिनिटं सगळ्यांशी बोला, आणि चौघांची ताटं डब्यात भरून वर घेऊन या. वडाभात असेल तर फोडणीचं तेल वेगळ्या वाटीत मागून घ्या, भातावर घालून आणलं की तो गिचका होतो. फक्त हे सेक्रेटरींना आधी सांगावं लागतं. केटरर ताटांचा आकडा दोन दिवस आधी पक्का करतो, तेव्हा शुक्रवारी बँकेतून निघण्यापूर्वी त्यांना फोन करा.